लाईट बंद करा रे!

मराठी घरात दिवेलागणीला अंधार करून बसायला दोनच कारणं मान्य आहेत. एक तर लाईट गेलेले असावेत, नाहीतर वर्गणीवाले जिन्यात आलेले असावेत. प्रोजेक्टर हे तिसरं कारण असू शकतं, हे समाजाने अजून स्वीकारलेलं नाही. संध्याकाळी सातला मी हॉलमधली ट्यूब बंद केली की देवघरातून आवाज येतोच, "अरे, लक्ष्मी यायची वेळ आहे. अंधार काय करून ठेवलायस?" त्यावर स्वयंपाकघरातून परस्पर उत्तर जातं, "आई, ती आता कसली येतेय! मशीनचं बिल भरलं त्या दिवशीच गेली." आमच्याकडे सासू-सुनेचं एकमत होण्याचे विषय थोडे आहेत. प्रोजेक्टरमुळे त्यांत एकाची भर पडली.

टीव्हीला असला जाच नाही. तो स्वयंप्रकाशी. भरदुपारी, खिडक्या सताड उघड्या, समोर भांडी घासणं चाललंय, तरी तो आपला बोलतो आणि दिसतो. प्रोजेक्टर भिंतीवर उजेड टाकतो, भिंत त्यातला जमेल तेवढा आपल्याकडे परत पाठवते आणि त्याला चित्र म्हणायचं. पांढरा उजेड टाकता येतो. लाल, हिरवा, निळा टाकता येतो. काळा टाकता येत नाही. चित्रात जिथे काळं हवं तिथे प्रोजेक्टर आपला उजेड आवरतो आणि गप्प बसतो. मग तिथे दिसते ती भिंत, खोलीत जो काही इतर उजेड असेल त्याच्यासकट. खोलीत मिट्ट काळोख असला तर काळं दिसेल. नसला तर भिंतीला जो रंग दिलाय तो दिसेल.

आमच्या हॉलला पिस्ता रंग आहे. २०१८ चा 'तुंबाड' ज्यांनी पाहिलाय त्यांना आठवेल : सिनेमाभर पाऊस, अंधारा वाडा, हातात कंदील. आम्ही तो घरी लावला तेव्हा स्वयंपाकघरातला दिवा चालू होता, कारण कणीक अंधारात मळता येत नाही. पिस्ता रंगाच्या रात्री पिस्ता रंगाच्या वाड्यात तो हस्तर आला आणि माझी मुलगी म्हणाली, "बाबा, याला बरं नाहीये का?" भयपटातल्या राक्षसाच्या प्रकृतीची चौकशी झाली की त्या दिवशीचा खेळ संपला असं समजावं.

दुकानात या गोष्टी कुणी सांगत नाही. तिथे लुमेन सांगतात. कुणाच्या खोक्यावर नऊ हजार लुमेन लिहिलेले असतात, कुणाच्या पंधरा हजार. ज्याने फ्लॅट घेतलाय त्याला हा प्रकार वेगळा समजावायची गरज नाही : खोक्यावरचा लुमेन म्हणजे सुपर बिल्ट-अप आणि 'ॲन्सी' लुमेन म्हणजे कार्पेट. ॲन्सीची मोजणी सचोटीची असते. पडद्याचे नऊ सारखे भाग करायचे, प्रत्येकाच्या मधोमध उजेड मोजायचा, सरासरी काढायची आणि पडद्याच्या क्षेत्रफळाने गुणायचं. या परीक्षेला बसवलं की खोक्यावरच्या हजारांचे शेकडे होतात. तीच गत 'फोर-के सपोर्ट'ची. सपोर्ट म्हणजे काय, तर फोर-केचा सिग्नल यंत्र घेतं आणि आपल्या कुवतीप्रमाणे दाखवतं. आमच्या सोसायटीतले अर्धे लोक पुनर्विकासाला सपोर्टच करतात.

"साहेब, दोनशे इंचापर्यंत जातो," असंही विक्रेता सांगतो. जातो, नाही असं नाही. फक्त कर्ण दुप्पट केला की तोच उजेड चौपट जागेवर पसरतो आणि दर चौरस फुटाच्या वाट्याला चौथाई येतो. दोनशे इंचावर चित्र आहे हे दुकानदार बोट दाखवून पटवून देऊ शकतो, पण त्याला दर वेळी घरी कसं नेणार?

आता भिंत. शंभर इंच हा कर्ण असतो. प्रत्यक्षात ७ फूट ३ इंच रुंद आणि ४ फूट १ इंच उंच एवढी कोरी भिंत लागते. कागदावर हे माप किरकोळ वाटतं. टेप घेऊन मध्यमवर्गीय हॉलमध्ये उभं राहिलं की कळतं, आपल्याकडे कोरी भिंत नावाची वस्तूच नाही. एका भिंतीला खिडकी आणि तिच्या डोक्यावर एसी. दुसरीला शोकेस; तिच्यात मुलीच्या ट्रॉफ्या, संगमरवरी ताजमहाल आणि न वापरायचा कपबशीचा सेट. तिसरीला दार, स्विचबोर्ड, घड्याळ, कालनिर्णय. चौथीवर आजोबा. आजोबांना हलवायचा विषय काढला तेव्हा घरात जी शांतता पसरली, तेवढी शांतता पुढे कुठल्याही सिनेमाच्या वेळी लाभली नाही.

शेवटी कालनिर्णय फ्रिजच्या बाजूला गेलं, घड्याळ दारावर गेलं आणि स्विचबोर्ड तिथेच राहिला. तो हलवायचा तर भिंत फोडावी लागते. त्यामुळे आमच्या चित्राच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात पंधरा अँपिअरचं एक सॉकेट कायमचं असतं. समुद्र असो, रणांगण असो, स्वित्झर्लंड असो, ते दिसतं. पाहुणे विचारतात. आम्हाला आता ते दिसत नाही.

भिंत मिळाली की अंतर. बहुतेक साध्या प्रोजेक्टरांचा थ्रो रेशो दीडच्या आगेमागे असतो, म्हणजे चित्राच्या रुंदीच्या दीडपट लांब यंत्र ठेवायचं. सव्वासात फुटांची दीडपट म्हणजे जवळजवळ अकरा फूट. अकरा फुटांवर, छताला उलटं टांगून, हे पुस्तकातलं उत्तर. पुस्तकं लिहिणाऱ्यांच्या देशात बहुधा पंखे नसावेत.

आपल्याकडे हॉलच्या बरोबर मध्यावर पंखा असतो. तो तिथे असतो कारण स्लॅब टाकतानाच त्याचा हूक बसवलेला असतो. त्याची जागा आपण फ्लॅट बघायला जाण्याच्या आधीच ठरलेली असते. आणि अकरा फुटांवरून भिंतीकडे निघालेला उजेड वाटेत या पंख्याला भेटतो. रेग्युलेटर पाचवर असेल तर चित्राच्या वरच्या भागात भुरभुर दिसते. एकवर असेल तर एकेक पातं सावकाश नायकाच्या कपाळावरून जातं. नायक गंभीर काही बोलत असला की फार वाईट दिसतं.

वायरमनला बोलावलं. तो स्टूलवर चढला, पंख्याकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं आणि म्हणाला, "साहेब, पंखा काढून टाकू."

"मे महिना आहे."

"मग मशीन खाली घेऊ. दोन फुटाचा पाईप सोडतो."

पाईप सोडला. यंत्र पंख्याच्या खाली आलं आणि सहा फूट उंचीच्या मेव्हण्याच्या वाटेत आलं. मेव्हणा उठून पाणी प्यायला निघाला की त्याच्या डोक्याची सावली भिंतीवर चार फूट उंच उमटते आणि नायिका त्या सावलीच्या कानातून गाणं म्हणते. भिंतीला चिकटून बसणारी अल्ट्रा शॉर्ट थ्रो यंत्रं आता मिळतात. त्यांना पंखाही आडवा येत नाही, मेव्हणाही नाही. पण त्यांच्या किमतीचा आकडा लाखात असतो, आणि ती इतक्या जवळून तिरका उजेड टाकतात की भिंतीच्या गिलाव्यातली प्रत्येक लाट उठून दिसते. लाखभर रुपये मोजून गवंड्याचं काम बघायचं, तर मला पंखा परवडला.

गवंड्यावरून आठवलं. यंत्र भिंतीच्या बरोबर समोर नसलं की चित्र आयत न राहता समलंब चौकोन होतं. त्यावर इलाज म्हणून कीस्टोन करेक्शन असतं. रिमोटने कोपरे ओढून चित्र सरळ करायचं. मेव्हणा इंजिनिअर असल्यामुळे हे काम त्याने घेतलं. डावीकडून सरळ केलं की उजवीकडून कलायचं, खालून सरळ केलं की वरून. बऱ्याच वेळाने त्याने ओळंबा मागवला आणि निकाल दिला : चित्र सरळ आहे, भिंत वाकडी आहे. इतकी वर्षं त्या भिंतीला टेकून आम्ही सुखात होतो. शंभर इंची सरळ रेषा टाकल्याशिवाय बिल्डरची कारागिरी कळत नाही. (कीस्टोनचा दुसरा तोटा असा की कोपरे ओढून टाकलेले पिक्सेल वाया जातात. घेतलेल्या चित्रातलं थोडं आपणच फेकून देत असतो. महाग यंत्रांत लेन्सच सरकवायची सोय असते, तिच्यात हे नुकसान होत नाही.)

पिस्ता रंगावर उपाय म्हणून पडदा आणेपर्यंत चादर लावायचं ठरलं. डबल बेडची पांढरी चादर, तिच्यावर इस्त्री, आणि दोन्ही हात वर करून ती धरून उभी राहिलेली बायको. "अहो, खिळा मारा लवकर, हात भरून आले," असं ती म्हणाली तेव्हा मी तिला सरस्वतीबाई फाळक्यांची हकीकत सांगितली. दादासाहेब 'राजा हरिश्चंद्र' काढत होते तेव्हा सरस्वतीबाई कोऱ्या फिल्मला भोकं पाडत, सगळ्या मंडळींचा स्वयंपाक बघत, आणि चित्रीकरणाच्या वेळी पात्रांवर उजेड पडावा म्हणून उन्हात पांढऱ्या चादरी धरून उभ्या राहत. ३ मे १९१३ ला गिरगावात कॉरोनेशनमध्ये सिनेमा लागला आणि इतिहास घडला. बायकोने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्यांनी दागिने पण दिले होते ना त्यासाठी?" दिले होते. "मग हे घ्या," म्हणून तिने चादरीचं टोक माझ्या हातात दिलं आणि ती कुकर बघायला गेली. भारतीय चित्रपटसृष्टीचा इतिहास घरात बेताने सांगावा.

चादर म्हटलं की माझ्या वयाच्या माणसाला गणपतीतला पडदाच आठवतो. गल्लीत आडवा बांधलेला, मध्येच वाऱ्याने फुगणारा, खाली सोळा एमएमचं यंत्र घरघरतंय, एक रीळ संपून दुसरं चढेपर्यंत शिट्ट्या. पडद्याच्या दोन्ही बाजूंना माणसं बसत. उशिरा आलेल्यांना मागची बाजू, आणि मागून सगळं उलटं. नावं उजवीकडून डावीकडे, आणि अमिताभ, जो खरा डावखुरा, तो मागच्यांना उजव्या हाताने ठोसे मारताना दिसे. आमच्या आळीत यावरून दोन तट होते. मागे बसणाऱ्यांनी पुढे कधी थिएटरात जाऊन खात्री करून घेतली की नाही, कोण जाणे. आजच्या प्रोजेक्टरच्या मेनूत 'रिअर' नावाचं एक बटण असतं. पडद्यामागून दाखवायचं असेल तर ते दाबलं की चित्र सुलटं होतं. त्या काळी हे बटण असतं तर निम्म्या आळीला खरा अमिताभ लाभला असता आणि पुढच्या निम्म्यांची तक्रार झाली असती.

त्या पडद्याला काळोखाची कधी अडचण पडली नाही, हे मात्र खरं. मंडळाचा कार्यकर्ता खांबावर चढून रस्त्याचा दिवा बंद करी आणि कुणी काही बोलत नसे. पैसे देऊन अंधारात बसायची सवय मुंबईला तर त्याच्याही कितीतरी आधीपासून आहे. ७ जुलै १८९६ ला काळ्या घोड्याजवळच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं दाखवली गेली, तिकीट एक रुपया. त्या काळचा एक रुपया! एवढे पैसे मोजले की माणूस अंधारात मुकाट्याने बसतो. फुकटचा अंधार कुणाला नको असतो.

आमच्याकडे फुकट, म्हणून येणारे पुष्कळ. प्रोजेक्टर घेतल्याची बातमी लिफ्टमधून वर गेली आणि विश्वचषकाच्या अंतिम सामन्याला हॉल भरला. १९ नोव्हेंबर २०२३, रविवार, सामना दुपारी दोनला. दुपारी दोनला ऊन कुठे असतं, हे पश्चिमेकडच्या खिडकीच्या घरात राहणाऱ्यांनाच माहीत. पडदे ओढले, पडद्यांवर ब्लँकेटं टाकली, दाराच्या फटीत पायपुसणं कोंबलं. तरी भारताची फलंदाजी आम्ही धुक्यात पाहिली. रोहितचे ४७ आमच्या भिंतीवर अंदाजानेच निघाले. चेंडू दिसायचा प्रश्न नव्हता. फलंदाज कुठला हेच काका लोक चष्मा पुसून ठरवत होते. २४० वर डाव आटोपला, चहा झाला, बाहेर सूर्य मावळला आणि चित्र असं काही खुललं की मला पहिल्यांदाच यंत्राचा अभिमान वाटला. त्या लखलखीत, शंभर इंची, डोळ्यांचं पारणं फेडणाऱ्या चित्रात आम्ही ट्रॅव्हिस हेडच्या १३७ धावा पाहिल्या. प्रत्येक चौकार स्वच्छ. ऑस्ट्रेलिया सहा गडी राखून जिंकली आणि वरच्या मजल्यावरचे काका उठता उठता म्हणाले, "मशीन चांगलं आहे, पण पायगुण बघा जरा."

पुढच्या वर्षी २९ जूनला ट्वेंटी-ट्वेंटीची अंतिम लढत होती. सामना रात्री आठचा, म्हणजे काळोख निसर्गाकडूनच आलेला. या वेळी अडचण वेगळीच. आमचा प्रोजेक्टर इंटरनेटवरून चालतो आणि वरच्या काकांकडे साधं केबल. त्यांचा सामना आमच्यापुढे अर्धं मिनिट धावत होता. शेवटच्या षटकात आमच्या भिंतीवर हार्दिक नुसता चेंडू पुसत उभा होता आणि वरून असा जल्लोष आला की छताचा रंग पडला. मग आम्ही सगळे सीमारेषेकडे बघत बसलो, आणि सूर्यकुमार आला आणि तो झेल घेतला. जगाने श्वास रोखून पाहिलेला झेल आम्ही 'हं, घेणारच आता' म्हणून पाहिला. भारत सात धावांनी जिंकला. काकांनी पेढे खाली आणून दिले ते आमचा सामना संपायच्या आत.

आईचं आणि प्रोजेक्टरचं मात्र सुरुवातीपासून फाटलेलं. तिची मालिका एकदा मी हौसेने भिंतीवर लावली. मालिकेत कारस्थान शिजलं की कॅमेरा एका चेहऱ्यावर तीन वेळा झेपावतो. टीव्हीवर हे चालून जातं. भिंतीवर ती खाष्ट बाई चार फुटी चेहरा घेऊन ढोल-ताशासकट तिसऱ्यांदा पुढे आली तेव्हा आईने जपमाळ बाजूला ठेवली आणि म्हणाली, "हिला आधी लहान कर." तेव्हापासून टीव्ही तिचा आणि भिंत माझी अशी वाटणी आहे.

तिचा पक्ष बदलला तो आमच्या लग्नाच्या कॅसेटमुळे. माझं लग्न व्हिडिओ कॅसेटच्या जमान्यातलं. मेव्हण्याने ती कुठूनशी पेन ड्राईव्हवर करून आणली. व्हीएचएसच्या चित्रात मुळात दोनशे चाळीसच्या आसपास रेषांचा तपशील. तो सव्वासात फुटांवर ताणला की नाकडोळे विरघळतात आणि माणसांच्या जागी रंगीत ठिपके हिंडताना दिसतात. शिवाय त्या काळच्या व्हिडिओवाल्यांची कला : गुलाब उमलतो आणि त्यातून मी बाहेर येतो, बदाम फिरतो आणि त्यात बायको अक्षता झेलते. मुलगी हसून हसून सोफ्यावरून खाली आली. पण आई उठून भिंतीजवळ गेली. तिला चेहऱ्यांची गरजच नव्हती. साडीवरून ती माणूस सांगत होती. "ही मोरपिशी म्हणजे अकोल्याची वन्सं. हे जरीचं काठपदर म्हणजे तुझी मामी. आणि ही बघ, ही अबोलीतली, रुखवताकडे काय करतेय?" लग्नात रुखवतावरची एक चांदीची वाटी गेली होती. तो तपास घरात कधीच बंद झालेला नाही. आईने पुन्हा मागे घ्यायला लावलं, पुन्हा थांबवायला लावलं. संध्याकाळचे सात वाजून गेले होते, स्वयंपाकघरातला दिवा भिंतीवर येत होता आणि अबोलीचा ठिपका धड दिसत नव्हता. "लाईट बंद कर गं तो," आई सुनेवर ओरडली. सून म्हणाली, "आई, लक्ष्मी?" आई म्हणाली, "येईल मागाहून. वाटी कुठे गेली ते बघू दे आधी."

वाटी सापडली नाही. अबोली साडीची बाई नुसता चिवडा घेत होती, असं बहुमत पडलं. आईचं मत वेगळं आहे.

कुणी घ्यायचा म्हणत असेल तर मी नको म्हणणार नाही. सप्टेंबर २०२५ पासून प्रोजेक्टरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय, आणि लेझर यंत्रांचं आयुष्य वीस हजार तास सांगतात. रोज दोन तास पाहिलं तर सत्तावीस वर्षं. गृहकर्ज आधी फिटेल. आवाजासाठी स्पीकर वेगळा घ्या, आणि तो वायरचा घ्या. बिनवायरीचा घेतलात तर पात्रांचे ओठ आधी आणि संवाद मागाहून येतात. टीव्ही काढू नका. दिवसा तोच लागतो. बाकी लुमेन, कॉन्ट्रास्ट, कंपनी हे सगळं मागाहून बघा. दुकानात पाऊल टाकण्याआधी घरी टेप घ्या, स्टूलवर चढा आणि पंखा छतापासून किती खाली आलाय तेवढं मोजून ठेवा.